‘नको’ म्हणणारा बरा

डोंबिवलीच्या बाईनं समुद्राच्या तळाच्या गोष्टी सांगाव्यात, हे वाचून तुम्हाला हसू येईल. हसा खुशाल. सकाळी ह्यांचा डबा, मुलांच्या वेण्या-दप्तरं, मग आठवड्यातून तीन दिवस शाळेत मराठीचे तास, संध्याकाळी फडके रोडवरून भाजी, असा माझा दिवस. पाण्याशी संबंध काय तो नळ यायच्या वेळेपुरता! पण मैत्रिणींनो, आजकाल मालवणला आणि गोव्याला जाणाऱ्या प्रत्येक घरात एकजण तरी ‘आपण स्कूबा करायचं हं’ म्हणणारा असतो. आणि त्याची बॅग भरून देणारी आपणच असतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे मी उपदेश करायला बसले नाही याची तुम्हाला खात्री पटेल.

२०२३च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दिवा–सावंतवाडी गाडीनं कुडाळला उतरून मालवणला गेलो. मला सर्दी झालेली. किनाऱ्यावर एकानं गाठलं. दुसरे मागतात त्यापेक्षा कमी पैसे सांगितले, वर व्हिडिओ फुकट! फुकट म्हटल्यावर आपला जीव किती पटकन विरघळतो, ते मी सांगायला नको. बोटीत बसल्यावर एक कागद पुढे आला. ‘इथे सही करा, फॉर्मॅलिटी आहे.’ मी केली. रोज मुलींना ‘प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही’ असं बजावणारी मी, तो कागद न वाचता सही करून मोकळी झाले.

पाण्यात चार-पाच हात खाली गेले असेन, कानात सुया टोचाव्या तसं झालं. मागून सिलिंडर धरलेला मुलगा मला खाली नेतच होता. कान दुखला तर काय खूण करायची, हे कुणी धड सांगितलंच नव्हतं. मी आपली हात हलवून ‘नको, नको’ करत होते. त्याला वाटलं, बाई कॅमेऱ्याला टाटा करताहेत. तो व्हिडिओ अजून आमच्याकडे आहे. बघणारे म्हणतात, ‘किती मजा करत्येयस गं!’

डोंबिवलीला परतल्यावर कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. कानाच्या पडद्यामागे रक्त साठलं होतं. पडदा फाटला नाही हेच नशीब, असं ते म्हणाले. पुढचा दीड महिना शेवटच्या बाकावरच्या मुली काय बोलतात ते मला ऐकू येत नव्हतं. त्यांची चंगळ झाली, माझी मात्र पाचावर धारण. शिकवून चार पैसे मिळवणाऱ्या बाईला कान जाणं म्हणजे काय, ते तुम्ही समजू शकाल.

दोष त्यांचा होताच. सर्दी आहे का, एवढा एक प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता. पण मलाही तोंड होतं की! पैसे भरलेत, मुलं उड्या मारताहेत, आता कुठे मोडता घाला, म्हणून मी गोळी घेऊन गप्प बसले होते. आपल्या बायकांचं हे नेहमीचंच.

हे सगळं आठवायचं कारण गेल्या वर्षी घडलं. ठाण्याला नौपाड्यात माझ्या नणंदेचं घर. त्यांचा मुलगा, आमचा भाचा, एकवीस वर्षांचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तो एके रविवारी आला आणि म्हणाला, ‘मामी, डिसेंबरात आम्ही पाचजण गोव्याला चाललोय. नुसतं मासे बघायला नाही हं, बुडालेलं जहाज बघायला!’

गोव्यात ग्रँड आयलंडजवळ ‘सुझीज रेक’ म्हणून ओळखलं जाणारं जुनं बुडालेलं जहाज आहे, ते बघायला पाणबुडे जातात. मला स्वतःला या विषयाचं कुतूहल आहेच. गोव्याच्याच सेंट जॉर्ज रीफपाशी एक जहाज बुडालेलं आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना तिथे बासेल मिशनच्या कारखान्याच्या कौलारू मालावर १८६५ हे साल सापडलं. म्हणजे आपल्या आजोळच्या मंगलोरी कौलांची भावंडंच की ती! आणि आपल्या सिंधुदुर्गातही १९८५ साली नौदलात आलेलं, जानेवारी २०२४मध्ये निवृत्त झालेलं ‘गुलदार’ हे जहाज निवती रॉक्सजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना जाहीर झाली. फेब्रुवारी २०२५मध्ये नौदलानं ते पर्यटन महामंडळाच्या हवाली केलं. तेव्हा ‘बुडालेलं जहाज बघायला जातो’ हे वाक्य पुढच्या काळात आपल्या घराघरांत ऐकू येणार, याची खूणगाठ बांधून ठेवा.

भाच्याचा उत्साह बघून माझा कान मात्र ठणकला. खरोखरीच ठणकला.

माझी आजी अलिबागकडची. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आजी तेव्हा पंधरा वर्षांची होती. म्हातारपणीही रेवसची लाँच म्हटली की ती देवाला हात जोडायची. आम्ही तिला हसायचो. पण २४ मे २०२२ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परत येणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला, हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. बघा, पाण्याखाली काही झालं नव्हतं. झालं ते परत येताना, बोटीत. पावसाळा तोंडावर आलेला असताना.

म्हणून भाच्याला म्हटलं, ‘जा तू, पण कुणाबरोबर जायचं ते मी फोन करून विचारते.’ त्यानं डोळे फिरवले. पण मामीचा शब्द मोडवेना, म्हणून हो म्हणाला.

मी वाणसामानाच्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहायला घेतले. आधी थोडं वाचलं, आमच्या सोसायटीत नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत त्यांच्याकडे जाऊन बसले. त्यांनी समजावलं ते तुम्हाला माझ्या भाषेत सांगते.

घाटात गाडी वर चढली की वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं, पाहिलंयत ना? बाहेरचा दाब कमी झाला की आतली हवा पसरते. समुद्रात हाच प्रकार फार झपाट्यानं होतो. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेली हवा श्वास कोंडून वर आणली तर तिला दुप्पट जागा लागते. फुप्फुस म्हणजे काही वेफर्सचं पाकीट नव्हे. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, आणि वर यायचं ते सावकाश. दुसरं म्हणजे दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. भरकन वर आलं तर सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर येतात तसे त्याचे बुडबुडे अंगात होतात. त्यावर उपाय म्हणजे ऑक्सिजन आणि दाबाच्या खोलीतले उपचार. तशी सोय मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे. ती काही गल्लोगल्ली नसते.

हे कळल्यावर मी भाच्याला विचारलं, ‘परतीचं तिकीट कधीचं?’ तर म्हणे सकाळी बुडी आणि संध्याकाळी विमान! एकदा साधी बुडी मारली तरी विमानात बसण्यापूर्वी किमान १२ तास जाऊ द्यावेत, आणि जास्त वेळा उतरलं तर किमान १८ तास, असा सर्वमान्य सल्ला आहे. कारण विमानात पुन्हा दाब कमी, पुन्हा बुडबुडे. ‘दुसऱ्या दिवशीच्या कोकणकन्येनं ये बाबा,’ असं मी त्याला सांगितलं.

आता माझे प्रश्न ऐका. वहीत उतरवून घेतलेत तरी चालेल.

पहिला: तब्येतीची चौकशी कोण करणार, आणि केव्हा? सर्दी, कान, दमा, फिट्स, हृदय, दिवस गेले असल्यास तेही, याचा कागद घरीच वाचायला मिळाला पाहिजे. बोटीत बसल्यावर पुढे सरकवलेला कागद तुमच्या सोयीसाठी नसतो, त्यांच्या सोयीसाठी असतो.

दुसरा: शिकवणारा कोण? त्याच्याजवळ पॅडी, एसएसआय अशा एखाद्या संस्थेचं कार्ड आहे का? त्याच्यावरचा नंबर त्या संस्थेकडे पडताळून बघता येतो. त्याच्या हाताखाली एका वेळी किती जण? नवशिक्यांची फौज घेऊन उतरणाऱ्याला नमस्कार करावा. आणि पाण्यात उतरण्याआधी कोरड्या जमिनीवर तो खुणा शिकवणार का? पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’ असा अर्थ होतो. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. मला एवढं सांगितलं असतं तर माझा कान वाचला असता!

तिसरा प्रश्न हवेचा. आपण गॅसचा सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरचं अक्षर आणि साल बघतो ना? ‘बी २७’ असेल तर एप्रिल ते जून २०२७मध्ये त्याची तपासणी, हे आता आपल्याला पाठ आहे. (नसेल तर आजच उठून बघा!) तसंच पाणबुड्याच्या सिलिंडरच्या गळ्याशी शेवटच्या दाबचाचणीची तारीख कोरलेली असते. ती दाखवा म्हणावं. हवा भरायचं यंत्र कुठे आहे, तेही विचारावं. इंजिनाचा धूर त्यात ओढला गेला तर ती हवा विषारी. तेलकट, धुरकट वास किंवा चव आली तर उतरायचंच नाही. पण काही विषारी वायूंना वास नसतो, म्हणून यंत्राची देखभाल आणि हवेची तपासणी होते का, हे विचारायचंच. आणि बोटीत असताना मुखनळीतून दोन-तीन श्वास घेऊन काट्याकडे बघायचं. प्रत्येक श्वासाला काटा डुलत असेल तर तोटी पूर्ण उघडलेली नाही.

चौथा: बोट. नोंदणी आहे का, किती माणसांची परवानगी आहे आणि किती बसवता? लाइफ जॅकेट जाताना आणि येताना, दोन्ही वेळा अंगात हवं. नुसतं बाकाखाली असून उपयोग नाही. बोटीत ऑक्सिजन आहे का? काही झालं तर कुठल्या दवाखान्यात नेणार, याचं उत्तर विचार न करता आलं पाहिजे.

पाचवा प्रश्न खास बुडालेल्या जहाजाचा: बाहेरून बघायचं की आत शिरायचं? बाहेरून बघणं वेगळं आणि आत जाणं वेगळं. आत डोक्यावर छप्पर असतं. घाबरलं तर सरळ वर येता येत नाही. गंजलेले पत्रे कापतात, मच्छीमारांची तुटलेली जाळी अडकते. आणि एकदा पाय जोरानं मारला की तळाचा गाळ उठून पुढचा हात दिसत नाही. आत जाणाऱ्याला वेगळं शिक्षण लागतं, परतीची वाट धरून ठेवायला दोरी लागते, बॅटऱ्या आणि कापायला सुरी लागते. हवेची वाटणीही ठरलेली असते: एक हिस्सा जायला, एक यायला आणि एक अडचणीसाठी शिल्लक. महिन्याच्या पगारासारखंच की! शिक्षण न घेतलेल्या माणसाला आत नेतो म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नये.

आणि सहावा: तुम्ही बुडी रद्द कधी करता? पैसे परत देता का?

सगळ्यात जास्त माहिती मला या शेवटच्या प्रश्नानं दिली. एकजण हसून म्हणाले, ‘मॅडम, आमचं कधी रद्द होतच नाही!’ म्हणजे वारा असो, लाटा असोत, ह्यांची बोट निघणारच. मी त्यांच्या नावावर काट मारली. दुसऱ्यांनी माझा एकही प्रश्न पुरा होऊ दिला नाही. ‘टेन्शन घेऊ नका, सगळं सेफ आहे’ हे चार वेळा म्हणाले आणि पाच जणांना सूट देऊ केली. तिसऱ्या ठिकाणी फोन एका बाईंनी घेतला. त्या स्वतःच शिकवणाऱ्या. माझे प्रश्न संपेपर्यंत थांबल्या, एकेकाचं उत्तर दिलं, मग म्हणाल्या, ‘ताई, आता मी विचारू? तुमचा भाचा आधी किती वेळा उतरलाय?’

‘एकदा. मालवणला.’

‘मग जहाजाच्या आत तर नाहीच. बाहेरूनही मी लगेच नेणार नाही. उथळ खडकावर बघीन, जमलं तर पुढचं. त्याला खरंच जहाज बघायचं असेल तर आधी कोर्स करू दे.’ कोर्स म्हणजे अभ्यास, तलावातला सराव आणि समुद्रात चार बुड्या. तो केल्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. बिनकोर्सवाल्यांना साधारण १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. मग त्यांनी विचारलं, ‘त्याला दमा, फिट्स, कानाचं काही?’

आणि मैत्रिणींनो, इथे माझी जीभ अडखळली.

भाच्याला लहानपणी दमा होता. ‘आता कुठे आहे गं? वयाबरोबर गेला तो,’ असं वन्सं सगळ्यांना सांगतात. मुलाचं लग्नाचं वय जवळ येतंय, असल्या गोष्टी बोलायच्या नाहीत, हेही त्यांच्या मनात. पण मागच्या गणपतीत माळ्यावरून मखर काढताना धूळ उडाली, तेव्हा त्यानं गुपचूप खिशातून पंप काढून ओढलेला मी पाहिला होता. दम्यात श्वासाच्या नळ्या आकसतात. खाली तसं झालं, तर आत अडकलेली हवा वर येताना पसरणार. वेफर्सचं पाकीट!

सांगावं तर पोराची सहल बुडणार आणि वन्सं वर्षभर टोमणे मारणार. न सांगावं तर हे सगळे प्रश्न विचारून मी काय मिळवलं? सगळी खात्री त्यांच्याकडून हवी आणि आपण मात्र पदराआड झाकून ठेवायचं! मालवणच्या बोटीत सर्दी गिळून बसलेली ती मीच नव्हते का?

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘बरं केलंत. छातीच्या डॉक्टरांचं लेखी आणू दे, त्याशिवाय मी त्याला पाण्यात घेणार नाही.’

घरात जे रामायण झालं ते विस्तारानं सांगत नाही. वन्सं म्हणाल्या, ‘माझ्या मुलाचं दुखणं गोव्यापर्यंत पोचवायची तुला काय गरज होती?’ भाचा तर म्हणाला, ‘मामी, तू मदत करणार होतीस ना?’ हे मात्र माझ्या बाजूनं उभे राहिले. वन्संना म्हणाले, ‘ताई, डॉक्टरांना दाखवायला काय हरकत आहे?’ ठाण्याच्या डॉक्टरांनी त्याच्या फुंकून बघायच्या चाचण्या केल्या, धावायला लावून पुन्हा केल्या, आणि स्वच्छ सांगितलं: सध्या नको. आधी औषध नियमित घे, मग पुढे बघू. वयाबरोबर दमा गेला, या समजुतीनं त्यानं रोजचं औषध केव्हाच सोडून दिलं होतं.

डिसेंबरात पाचहीजण गोव्याला गेले. बाईंनी चौघांना उथळ पाण्यात उतरवलं, जहाजापाशी कुणालाच नेलं नाही. दुसऱ्या दिवशी वारा होता तर बोटच काढली नाही आणि त्या दिवसाचे पैसे परत दिले. आमचा भाचा बोटीत लाइफ जॅकेट घालून बसून राहिला. मित्रांचे कपडे सांभाळत, असं तोच रागानं म्हणाला.

तुम्ही म्हणाल, एवढं करून काय झालं? काहीच झालं नाही. मला तेच हवं होतं. पण ‘काही झालं नाही’ याचं श्रेय कुणी देत नाही हो! कुकरची वाफेची झडप आपण दर आठवड्याला धुतो. म्हणून कुकर फुटला नाही, असं घरात कधी कुणी म्हणालंय?

मोठागावच्या रेतीबंदरावर पूर्वी डुबी मारून खाडीतून रेती काढणारी माणसं होती. माझे सासरे त्यांच्याबद्दल सांगायचे. पाठीवर ना सिलिंडर, ना तोंडात नळी. भरवसा फक्त वर होडीत बसलेल्या जोडीदाराचा. तो म्हणाला ‘आज पाणी चांगलं नाही’, तर त्या दिवशी रोज बुडाला तरी कुणी उतरायचं नाही. पोटासाठी उतरणारी ती माणसं ‘नको’ ऐकून घेत होती. मौजेसाठी उतरणाऱ्या आपल्याला ते जड का जावं?

संक्रांतीला भाचा डोंबिवलीला आला. दीड महिन्यानं प्रथमच. मी तिळाची वडी हातावर ठेवली आणि म्हटलं, ‘गोड बोल आता.’ तो म्हणाला, ‘गोड बोलतो, पण रागावलोय अजून.’ वडी खाल्ली, दुसरी मागून घेतली. निघताना बॅगेची चेन उघडी होती म्हणून लावायला गेले, तर वरच्या कप्प्यात पंप होता, आणि शेजारी रोजच्या औषधाचं नवं खोकं. फोडलेलं.

मी काही बोलले नाही. चेन लावून दिली.